डीएनए चाचणी आणि आपले मूळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी कुलवृत्तांताचे काम काढले, कुणाच्या मुलाने अमेरिकेतून किट पाठवले, कुणाच्या मोबाइलवर ‘तुम्ही १२ टक्के इराणी’ असा निकाल येऊन पडला, की प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. या चाचणीत नेमके काय बघतात? आम्ही मूळचे कुठले हे त्यात लिहून येते का?

गाव लिहून येत नाही. नळीत थुंकी घेतात किंवा गालाच्या आतून बोळा फिरवतात. त्यातल्या पेशींमधून डीएनए काढतात आणि बहुतेक कंपन्या एका चिपवर त्यातल्या साधारण सहा-सात लाख जागा वाचतात. माणसाच्या डीएनएत तीन अब्जांवर अक्षरे असतात. चिपवर असतात त्या फक्त माणसामाणसांत फरक पडतो अशा निवडक जागा.

त्यातून तीन गोष्टी हाती येतात. कंपनीकडे नोंद असलेल्या लोकांपैकी तुमचे नातेवाईक कोण, ही पहिली. थेट आईच्या आणि थेट बापाच्या रेषेचा जुना गट कोणता, ही दुसरी. कोणत्या प्रदेशातल्या लोकांशी तुमचे साम्य किती, ही तिसरी. यातली पहिली सर्वांत भरवशाची आणि तिसरी सर्वांत डळमळीत. जाहिरात मात्र तिसरीचीच होते.

२. अर्धे आईचे, अर्धे वडिलांचे, हे बरोबर ना? मग पणजोबांचा माझ्यात आठवा हिस्सा असणारच.

आईवडिलांपर्यंत हिशेब पक्का आहे. गुणसूत्रांच्या २३ जोड्या आणि प्रत्येक जोडीतले एक-एक गुणसूत्र दोघांकडून. तिथून मागे गेलो की सरासरी उरते. वडिलांना त्यांच्या आईवडिलांकडून मिळालेली दोन गुणसूत्रे तुमच्याकडे येण्याआधी पत्ते पिसावेत तशी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एका आजोबांचा वाटा २५ टक्क्यांऐवजी २० किंवा ३० टक्केही असू शकतो. पणजोबांचा साडेबारा टक्के, हीसुद्धा सरासरीच.

आणखी मागे गेलात तर मजा होते. दहा पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने शाहू छत्रपतींच्या काळातले, तुमचे पूर्वज कागदावर १,०२४ भरतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा डीएनएचा एकही तुकडा तुमच्यात नसतो. वंशावळीत ते तुमचे खरेखुरे पूर्वज आहेत, पण चाचणीला दिसत नाहीत. ‘निकालात अमुक अंश आला नाही, म्हणजे ती गोष्ट खोटी’ असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

३. वाय, मायटोकॉन्ड्रिया आणि ऑटोसोमल यांतली कोणती चाचणी घ्यावी?

प्रश्न काय आहे त्यावर ठरते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आडनावाच्या रेषेचा, म्हणजे भाऊबंदकीचा प्रश्न असेल तर ही चाचणी. दोन गावांतले एकाच आडनावाचे लोक एकाच पुरुषाचे वंशज आहेत का, हे ती चांगले सांगते.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी जागा. तिचा स्वतंत्र डीएनए अगदी छोटा, १६,५६९ अक्षरांचा. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलींकडून जातो. आईची आई, तिची आई अशी ही रेषा. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृरेषा ‘एम’ या एकाच मोठ्या गटात मोडते. त्यामुळे नुसते ‘एम’ एवढे उत्तर आले तर त्यातून फारसे काही कळत नाही. उपगट लागतो.

ऑटोसोमल चाचणी लिंग ठरवणारी जोडी सोडून उरलेल्या २२ जोड्या बघते. ती आजोळ आणि घर दोन्हीकडचे सांगते. पाच-सहा पिढ्यांपर्यंतचे नातेवाईक शोधायला हीच उपयोगी. पहिल्यांदाच करत असाल तर हीच करा.

४. मी मुलगी आहे. मला वडिलांचे घराणे शोधायचे आहे. माझ्या थुंकीतून होईल?

वायची रेषा तुमच्यात नाही. वडील, सख्खा भाऊ, काका किंवा काकांचा मुलगा, यांपैकी कुणीही चाचणी दिली तरी चालेल. आत्या किंवा आतेभाऊ चालणार नाहीत. आत्यामध्ये वाय नसते आणि आतेभावाचे वाय त्याच्या वडिलांचे. ऑटोसोमल चाचणीत मात्र वडिलांकडची निम्मी बाजू तुमच्यात आहेच.

५. घरात चौघे आहेत आणि किट एकच परवडते. कोणाची चाचणी करू?

घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची. आजीची चाचणी झाली तर तुमच्या दोन पिढ्या वाचल्या. तुमच्यात आजीचा चौथा हिस्सा उतरला आहे, आजीत ती पूर्ण आहे. आणि नातवाची चाचणी वीस वर्षांनीही होईल.

वयस्क माणसांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण येते. त्यांचे तोंड कोरडे असते, आणि नळी रेघेपर्यंत भरावी लागते. वरचा फेस धरायचा नाही, खालचा द्रवच मोजायचा. गाल बाहेरून हलके चोळले, समोर चिंच धरली (खायला द्यायची नाही) की लाळ सुटते. आधी अर्धा तास खाणे-पिणे बंद, आणि त्यात मशेरी, तपकीर, पानही आले. ‘मशेरी म्हणजे काही खाणे नव्हे’ असे आजी म्हणते तिथे नमुना वाया जायची पाळी येते. इतके करूनही जमत नसेल तर बोळ्याने नमुना घेणारी कंपनी निवडा.

६. एका कंपनीने ‘८८ टक्के पश्चिम भारत’ सांगितले, दुसरीने ‘मध्य आशिया १४’ काढले. खरे कोण?

दोन्ही अंदाज आहेत. कंपनीकडे नमुनादाखल काही लोकांचे गट असतात. तुमच्या डीएनएचा प्रत्येक तुकडा त्यांपैकी कोणाशी जास्त जुळतो ते संगणक ठरवतो. गट बदलले की उत्तर बदलते. म्हणूनच थुंकी तीच असून काही वर्षांनी तुमचे टक्के ‘अपडेट’ होतात. ज्या कंपनीच्या संग्रहात दख्खनचे लोक थोडे आणि पंजाब-गुजरातचे जास्त, ती तुम्हाला उत्तरेकडे ढकलणार.

शिवाय हे गट आजच्या माणसांचे असतात. ‘१४ टक्के मध्य आशिया’ याचा अर्थ कुणी पणजोबा ताश्कंदहून आले असा होत नाही. चार हजार वर्षांपूर्वीच्या स्थलांतराचा अंश आज मध्य आशियातही आहे आणि तुमच्यातही आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. एक-दोन टक्क्यांचे विदेशी आकडे तर मनावर घेऊच नका.

७. माझ्या सख्ख्या भावाचे टक्के माझ्यापेक्षा वेगळे आले. काही गडबड आहे का?

नाही. प्रश्न २ मधले पिसणे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने होते. सख्खी भावंडे सरासरी ५० टक्के जुळतात, प्रत्यक्षात साधारण ४० ते ६० च्या दरम्यान. आईबाप एकच आहेत का याचे उत्तर नातेवाइकांच्या यादीत असते. तिथे ‘भाऊ’ दिसत असेल तर टक्के काहीही असोत. ‘सावत्र भाऊ’ दिसत असेल तर प्रश्न १६ आधी वाचा.

८. चाचणीत जात कळते का?

जातीचे कुठलेही जनुक नाही. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण जातीने डीएनएवर खूण ठेवली आहे.

हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंह यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइख यांच्याबरोबर २००९ साली दाखवले, की भारतातले बहुतेक सगळे समाज दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. एक पश्चिम युरेशियाशी जवळीक असलेला, दुसरा इथला. प्रमाण कमीजास्त, पण मिश्रण सगळ्यांत. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात या मिश्रणाचा काळ निघाला : सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्यानंतर रोटीबेटीची दारे बंद होत गेली. म्हणजे ‘आम्ही पहिल्यापासून वेगळे’ हा दावा या देशात कुणालाच करता येत नाही. आधी सरमिसळ झाली आणि मग कुंपणे पडली.

कुंपणे मात्र पक्की पडली. दीड-दोन हजार वर्षे जातीतच लग्ने झाल्यामुळे एकाच पोटजातीतल्या लोकांमध्ये सामायिक तुकडे वाढले. त्यामुळे नातेवाइकांच्या यादीत तुमच्याच समाजाची आडनावे गर्दी करतात, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. पण हा अंदाज यादीतल्या माणसांवरून काढलेला असतो. जात डीएनएत वाचलेली नसते.

इरावती कर्वे यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर १९६० च्या दशकात महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना केली होती. दर्जा एक म्हणून मूळही एकच असते असे नाही, हा त्यांचा मुद्दा डीएनए वाचायची सोय नव्हती तेव्हाचा आहे. आजही तो खोडावा लागलेला नाही.

९. जात पडताळणीला किंवा कुणबी नोंदीसाठी डीएनए अहवाल जोडला तर चालेल का?

त्याचा उपयोग नाही. जात पडताळणी समिती कागद बघते : आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागद, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी. अनुसूचित जमातीच्या दाव्यात आप्तभाव चाचणी होते, पण तिचा डीएनएशी काही संबंध नाही. तीत समाजाच्या चालीरीती, देवदैवते, बोली यांची विचारपूस असते. तीसुद्धा एकमेव कसोटी मानू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीचे कामही जुन्या दफ्तरांतलेच होते, त्यात मोडी कागद आले. किटचे पैसे मोडी वाचणाऱ्याला द्या.

१०. आमचे गोत्र एक, मग आमचे वाय एकच निघायला हवे ना?

तत्त्वतः गोत्रही बापाकडून येते आणि वायही, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एका गोत्रात भिन्न वाय रेषा सर्रास सापडतात. पुरोहिताचे गोत्र यजमानाने लावण्याची प्रथा जुनी आहे. अनेक मराठा घराण्यांत लग्न ठरवताना गोत्रापेक्षा देवक बघतात. पंचपल्लव, कळंब ही देवके अनेक आडनावांत सामायिक असतात आणि त्यांच्यावरूनही रेषा ठरत नाही.

दत्तकाचे काय, असे लगेच विचारतात. पूर्वी दत्तक बहुधा भाऊबंदांतूनच घेत. त्यामुळे घर बदलले तरी वाय तेच राहायचे. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली दत्तक आलेले सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गायकवाड शाखेतले होते, हे याचे ठळक उदाहरण. मुलीचा मुलगा दत्तक घेतला किंवा घरजावयाच्या मुलांनी आजोळचे आडनाव लावले, तर मात्र आडनाव एकीकडे आणि वाय दुसरीकडे. त्यामुळे वाय जुळले नाही म्हणजे कुणाचे पाऊल वाकडे पडले, असा निष्कर्ष घाईने काढू नका. आधी जुन्या खातेफोडीचे आणि दत्तकविधानाचे कागद बघा.

११. माझा गट ‘आर१ए’ आला. म्हणजे आम्ही आर्य?

‘आर१ए’ हे वायच्या एका फांदीचे नाव. पूर्व युरोपपासून भारतापर्यंत ती आढळते. भारतातली शाखा बहुतांशी वेगळी, ‘झेड९३’ नावाची. उत्तरेकडच्या आणि पुरोहित जातींत तिचे प्रमाण जास्त आहे, पण आंध्र-तेलंगणातल्या चेंचू आदिवासींतही ती सापडली आहे. एका रेषेवरून, म्हणजे १,०२४ पूर्वजांतल्या एका पुरुषावरून, माणसाला बिल्ला लावता येत नाही.

ज्या वादातून हा प्रश्न येतो त्याबद्दल थोडक्यात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या उत्खननातून हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणचे सांगाडे मिळाले. ६० च्या वर नमुने तपासून एकाच बाईचा डीएनए वाचता आला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात स्टेपचा, म्हणजे युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा, अंश नव्हता. आज तो अंश बहुसंख्य भारतीयांत कमीअधिक आहे, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानुसार तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आला. राखीगढीच्या बाईचा वारसाही आपल्यात आहे आणि नंतर आलेल्यांचाही. वर्तमानपत्रांनी त्या वेळी एकाच शोधाचे दोन उलट मथळे छापले होते. दोन्ही बाजूंना आपापले अर्धेच हवे असते.

१२. आम्ही कोकणस्थ, गोरे, घारे. पूर्वज युरोपातून किंवा भूमध्य समुद्राकडून आले असतील का?

डोळ्यांचा रंग १५ व्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या भागावर बराचसा ठरतो. गोऱ्या कातडीशी संबंधित एक प्रसिद्ध बदलही त्याच गुणसूत्रावरच्या दुसऱ्या जनुकात आहे. तो युरोपात जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि भारतातही अनेक समाजांत आढळतो, त्यांत सावळे म्हणवणारेही आले. दोन-तीन जागांवरून सहा लाख जागांची कहाणी ठरत नाही. घाऱ्या डोळ्यांची माणसे महाराष्ट्रात बहुतेक जातींत भेटतील. आपण त्यांच्याकडे पूर्वजांचा पत्ता विचारत नाही, इतकेच.

१३. घराण्यात, समाजात सांगतात त्या कथा चाचणीने खऱ्या ठरल्या आहेत का?

काही ठरल्या, पण सांगतात तशा नव्हेत. आपल्याच किनाऱ्यावरची तीन उदाहरणे.

बेने इस्रायल सांगतात, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष आणि सात बायका. रायगडात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी घरात, आडनावे किहीमकर, पेणकर. कॉर्नेल आणि तेल अवीवच्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास म्हणतो, की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंशही ठोस आहे आणि भारतीय अंशही. बापाच्या बाजूने ज्यू वारसा जास्त दिसतो, आईच्या बाजूने भारतीय. मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साडेसहाशे ते हजारेक वर्षांचे. बाहेरून आल्याची गोष्ट टिकली. सात जोडप्यांपैकी बायकांची गोष्ट मात्र अवघडली. आणि मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. पाहुणे आधी येऊन सोयरीक नंतर झाली असेल.

पारशांबद्दल २०१७ चा अभ्यास आहे. आजचे पारशी इराणच्या लोकांशी जवळचे निघाले, काही बाबतींत आजच्या इराण्यांपेक्षाही जुन्या इराणशी जवळचे. पण गुजरातेत पारशांची जुनी वस्ती होती त्या संजाणच्या जुन्या अवशेषांत जवळपास निम्म्या मातृरेषा दक्षिण आशियाई होत्या. इथेही तोच नमुना दिसतो.

सिद्दींचा २०११ चा अभ्यास गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींवर झाला. आफ्रिकेतल्या बांटूभाषकांशी त्यांचे नाते स्पष्ट दिसले, आणि स्थानिकांशी मिश्रण सुमारे २०० वर्षांपूर्वीचे. हा निकाल कुणी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याला जसाच्या तसा लावत असेल तर थांबवा. नमुने तिथले नव्हते.

१४. यादीत दोनशे ‘चौथे-पाचवे चुलत’ दिसतात. एकालाही ओळखत नाही. हे सगळे खरे नातेवाईक?

नाते खरे आहे, पण कंपनीने सांगितलेले अंतर बहुधा चुकीचे. कंपनीचा हिशेब युरोपीय कुटुंबांवर बेतलेला असतो : जितका डीएनए जुळला तितके नाते जवळचे. आपल्याकडे प्रश्न ८ मधल्या कुंपणामुळे दोन माणसे एकाच वेळी पाच-सहा वाटांनी लांबची नातेवाईक असतात. प्रत्येक वाटेने छोटा तुकडा येतो आणि बेरीज मोठी दिसते.

त्यात मामाच्या मुलीशी लग्न. अनेक समाजांत हे लग्न हक्काचे मानले जाते. सख्खी आते-मामे भावंडे सरासरी साडेबारा टक्के जुळतात. त्यांचे लग्न झाले तर अपत्यात सुमारे सव्वासहा टक्के डीएनए दोन्हीकडून तोच आलेला असतो. दोन-तीन पिढ्या अशी लग्ने झाली की चुलत कोण आणि मावस कोण, हे नुसत्या आकड्यावरून सांगणे कठीण.

यावर उपाय आहे. एकूण बेरीज बघू नका, सर्वांत लांब सलग तुकडा बघा. समजा दोन जणांशी तुमचे ९० सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचे एकक) जुळतात. एकाशी नऊ-नऊचे दहा तुकडे, दुसऱ्याशी ४५ चा एक आणि बाकी किरकोळ. दुसऱ्याला फोन करा. पहिला तुमच्या जातीचा आहे, इतकेच कळले.

१५. आम्ही मॉरिशसचे मराठी. पणजोबांचे गाव डीएनएने सापडेल का?

गाव कागदानेच सापडेल. १८३४ पासून गिरमिटिया म्हणून गेलेल्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, वडिलांचे नाव, वय, जहाज, बहुतेकदा जात आणि गाव, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही. गावाचे नाव साहेबाच्या कानाने लिहिलेले असते, म्हणून ते मोठ्याने वाचून बघा आणि रत्नागिरीच्या जुन्या तालुक्यांच्या यादीशी ताडा. कोकणात त्याच गावचा, त्याच आडनावाचा कुणी सापडला, की मग डीएनए कामाला येतो : दोघांची वाय चाचणी करून भाऊबंदकी पक्की करता येते.

१६. निकालात वडील जैविक वडील नाहीत असे दिसते. आता काय करू?

आधी खात्री करा. किटांची अदलाबदल, चुकीच्या नावाने नोंदणी असे घडते. दुसऱ्या कंपनीकडून तपासा. तोवर घरच्या ग्रूपवर स्क्रीनशॉट टाकू नका. दुखावलेली माणसे परत गोळा करता येत नाहीत.

कायद्याने अशा किटच्या निकालाला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. वैवाहिक संबंध चालू असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, असे गृहीतक भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ११६ मध्ये आहे (जुन्या कायद्यात ते कलम ११२ होते). नवरा-बायकोचा त्या काळात संबंध येऊच शकत नव्हता, हे सिद्ध केले तरच ते मोडते. डीएनए चाचणीचा आदेश ऊठसूट देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालय १९९३ पासून सांगत आले आहे. २०२३ मध्ये मुलाच्या खासगीपणावरही त्याने भर दिला. वाटणीचा दावा डोक्यात असेल तर आधी वकील गाठा.

१७. लहानपणी महाराष्ट्रातून परदेशात दत्तक गेले. आईचा शोध लागेल?

दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकदमच चालू ठेवा. एक सरकारी : ‘कारा’कडे, म्हणजे दत्तकाचे काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, मूळ शोधाचा अर्ज. १८ वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला तो स्वतः करता येतो. सोडून देताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर तिची संमती लागते. दुसरी डीएनएची. भारतात चाचणी केलेले लोक कमी, पण परदेशात गेलेली भारतीय कुटुंबे बरीच यादीत असतात. सख्खी मावशी मिळणे दुर्मीळ, तिसऱ्या पिढीतला चुलत मिळणे शक्य. जितक्या कंपन्यांत नोंद तितकी शक्यता वाढते. प्रश्न १४ मधली खबरदारी इथे दुप्पट लागू. आणि कुणी सापडलेच तर पहिल्याच निरोपात ‘मी तुमच्या बहिणीची मुलगी’ असे लिहू नका. त्या घरात ही गोष्ट कुणाला ठाऊकच नसेल.

१८. याच किटमधून आजारांचे कळते म्हणतात. लग्नाआधी करून घ्यावी का?

मूळ शोधणारी किट त्यासाठी योग्य नाही. सिकलसेलसाठी एचपीएलसी ही रक्ताची साधी तपासणी आहे. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीत ती लग्नाआधी करायलाच हवी, आणि थॅलेसीमियाचा वाहकही तीत कळतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के.

समाजाचा इतिहास इथे खरोखर उपयोगी पडतो. २०१७ साली दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाज तपासले गेले. त्यांतल्या ८१ समाजांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या फिन लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती. तेलुगू वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका औषधाचा असर लवकर उतरत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असते. त्याचे मूळ याच इतिहासात आहे. तुमच्या समाजात एखादा विकार वारंवार दिसत असेल तर अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांना दाखवा आणि समाजाचे नाव संकोच न करता सांगा.

१९. माझा डीएनए कंपनीकडे सुरक्षित राहतो का?

२०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’कडच्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लाखोंना आपली थुंकी आता कोणाच्या मालकीची, हा प्रश्न पडला. भारतात डीएनएसाठी वेगळा कायदा करण्याचे विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. वैयक्तिक माहितीचा सर्वसाधारण कायदा त्याच वर्षी झाला.

शिवाय तुमचा निर्णय एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी पकडला गेला तो त्याच्या लांबच्या नातेवाइकांच्या नोंदींवरून. खोटे नाव वापरा, संशोधनाची संमती वाचून द्या, काम झाल्यावर नमुना नष्ट करायला आणि खाते पुसायला सांगा. तुमच्या डीएनएच्या वाचलेल्या जागांची कच्ची फाइल आधी उतरवून घ्या.

२०. रक्त घेतले आहे, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे, किंवा जुळे आहोत. निकाल चुकेल का?

रक्त चढवल्याने फरक पडत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर चाचणी देऊ नका. थुंकीतही दात्याच्या पेशी येतात, आणि निकालात तुमचे नव्हे तर दात्याचे चुलते दिसतील किंवा दोघांची खिचडी होईल. भावाने मज्जा दिली असेल तर घोळ आणखी वाढतो. एकसारख्या जुळ्यांनी दोन किट घेऊ नयेत, एकाचे पैसे वाया जातील.

२१. आजोबा वारले. त्यांची अस्थी, केस किंवा दाढीचे ब्लेड आहे. त्यातून होईल?

दहनानंतरच्या अस्थींत वाचण्याजोगा डीएनए बहुधा उरत नाही. कापलेल्या केसांना मूळ नसते. ब्लेड किंवा थुंकी लावून चिकटवलेले पाकीट यांतून कधी कधी निघतो, पण नेहमीच्या किटमध्ये ते चालत नाही आणि खासगी प्रयोगशाळा बरेच पैसे घेतात. त्यापेक्षा आजोबांच्या हयात भावंडांची चाचणी करा. तीही नसतील तर तुमचे वडील, काका, आत्या अशी त्यांची जितकी मुले मिळतील तितक्यांची. तिघांची मिळून आजोबांचा बराच भाग परत जुळवता येतो.

आजोबांची नावनिशी हवी असेल तर नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या बघा. गाव आणि आडनाव सांगितले की ते चोपडा काढतात, आणि पणजोबांनी दशक्रियेला आल्यावर केलेली सही तिथे सापडू शकते. कोल्हापूर-सांगली भागात हेळवी अजून घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतात. ते आले की मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, बिदागी द्या, आणि त्यांनी सांगितलेल्या शाखांतल्या एका चुलत्याला वाय चाचणीसाठी राजी करता येते का ते बघा.